धाकटा वाडगा

शिमाने, हमरस्त्यावरचा गाडीथांबा
१८ एप्रिल

ती. तोकिए वन्संना मिनाएचा नमस्कार.

इकडे चेरीचा बहर ओसरला, पण हवेत गारठा आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? आधी हवापाणी, मग तब्येत आणि मग काम अशी रीत आहे म्हणून विचारते. काम मात्र घाईचं आहे.

गाडी विकून टाक, असं तुम्ही सांगितलंत. कुरुमेतल्या शेजारणींनीही तेच सांगितलं. मी कुणाचंच ऐकलं नाही आणि नऊ तारखेला एकटीच निघाले. ह्यांनी ही घरगाडी एवढ्या हौसेनं घेतली आणि तिच्यातून जेमतेम दोनदा समुद्रापर्यंत जाऊन आले. जानेवारीत हेच गेले. क्यूशूपासून होक्काइदोपर्यंत जायचं आमचं ठरलं होतं, तेव्हा मी जाणार. यावर आपलं बोलून झालंय, पुन्हा नको.

तर काम असं. हागीच्या पुढच्या घाटात एका वळणावर कपाटाचं दार उघडलं आणि सगळं खाली आलं. पाच काचेच्या पेल्यांपैकी तीन फुटले, दोन बशाही गेल्या. उरलेली भांडी एकमेकांवर आपटतात. गाडीनं चाळीसचा वेग ओलांडला की मागे कुणीतरी भांडण उकरून काढल्यासारखा आवाज येतो.

थांब्यावर सल्ले फुकट मिळतात. शेजारच्या गाडीतले इबाराकीचे काका म्हणाले, "अहो ताई, प्लास्टिकची घ्या! नाहीतर कागदी ताटल्या. धुवायची कटकटच नाही." त्यांची बायको आतून ओरडली, "कटकट कुणाला? तुम्ही कधी धुतलीत?" प्लास्टिकमधून भात खाण्यापेक्षा मी उपाशी राहीन.

तुम्ही हासामीच्या वखारीत बेचाळीस वर्षं चिनी मातीची भांडी बांधलीत, ती देशभर धड पोचली. गाडीत कशी ठेवायची ते सांगा. पत्र तोत्तोरीच्या मुख्य पोस्टात माझ्या नावानं ठेवायला पाठवा. ते दहा दिवस ठेवतात.

तुमची,
मिनाए

*

हासामी
२४ एप्रिल

मिनाएस अनेक आशीर्वाद.

चेरीचं काय झालं ते मला खिडकीतून दिसतं, त्यासाठी तिकीट कशाला खर्च करायचं? गुडघे माझ्याच वयाचे आहेत. आता कामाचं.

एकट्या बाईला पाच पेले कशाला लागतात? आणि ते कपाटात नुसते ठेवलेस? घरात ठेवतात तसे? धन्य आहे तुझी. एवढी वर्षं या घराण्याची सून आहेस.

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, असं लोक म्हणतात. ते सासवा-सुनांचं झालं. गाडीत भांड्याला भांडं लागता कामा नये. हा एक नियम पाळलास तर बाकीचे आपोआप सुचतात.

जड भांडी खाली ठेव, आणि गाडीच्या मध्याजवळ. शेपटाकडे कधीच नको, कारण वळणावर शेपूट सगळ्यात जास्त हेलकावतं. बशा एकीवर एक रचू नकोस. तसं केलं की दणका बसल्यावर खालचीच्या बोकांडी वरच्या सगळ्या बसतात. पुस्तकं ठेवतात तशा काठावर उभ्या ठेव आणि मध्ये कापड घाल. चिनी माती काठावर मार सोसते, पोटात नाही. पडदे लावायला दोन भिंतींमध्ये ताणून बसणारी स्प्रिंगची काठी मिळते ना, ती कपाटात आडवी बसव, म्हणजे दार उघडलं तरी काही बाहेर यायचं नाही. खाली रबराची जाळी अंथर.

पेल्यांचं आणि वाडग्यांचं वेगळं असतं. आमचा मुकादम म्हणायचा, "पोट आधी, अंग नंतर." आधी आत कापड कोंबायचं, मग बाहेरून गुंडाळायचं. पोट रिकामं ठेवून नुसतं अंग गुंडाळलं तर भांडं आतल्या आत चिरतं. आम्ही भाताचा पेंढा वापरायचो. तुला कुठून मिळणार? शुनसाकुचे मोजे टाकले नसशीलच. ते चढव पेल्यांवर.

बांधून झालं की कानाशी धरून हलवायचं. आवाज आला तर सगळं सोडून पुन्हा बांधायचं.

काय काय उरलंय ते मापासकट कळव. तोंड किती, उंची किती, कुठे टवका उडालाय का. मोघम लिहू नकोस.

तोकिए

*

तोत्तोरी
६ मे

ती. वन्संना नमस्कार.

पट्टी घेऊन बसले होते, म्हणून मापं बरोबर आहेत. दोन पेले, उंची नऊ सेंटीमीटर. सहा बशा, चार लहान आणि दोन मोठ्या. दोन चहाचे कप, बिनकानाचे. सूपच्या दोन लाकडी वाट्या, त्या काही फुटायच्या नाहीत. एक चहादाणी. भाताचा वाडगा एकच, तोंड अकरा, उंची साडेपाच, बाहेरून निळी रेघ, काठाला तांदळाच्या दाण्याएवढा टवका.

ह्यांचे राखाडी मोजे पेल्यांवर चढवले. इबाराकीचे काका इथेही भेटले. म्हणाले, "पेल्यांना थंडी वाजते वाटतं?" मी म्हटलं, "माझ्या नणंदेचा हुकूम आहे." ते म्हणाले, "मग बरोबर असणार. नणंदा कधी चुकत नाहीत, आमच्या हिला विचारा."

इथून सावकाश कानाझावाला जाईन. तिथल्या मुख्य पोस्टात लिहा.

मिनाए

*

हासामी
१३ मे

मिनाएस आशीर्वाद.

मापं व्यवस्थित दिलीस. चहादाणीचं झाकण वेगळं गुंडाळ, झाकण झाकणाच्या जागी ठेवून कधीही बांधायचं नसतं. नळीत कागदाची सुरळी घाल. लहान बशा मोठ्या बशांच्या मध्ये नको, त्यांची रांग वेगळी कर.

दोन कप आणि दोन वाट्या कुणासाठी, ते मी विचारत नाही.

वाडगा अकराचा, म्हणजे जोडीतला धाकटा, बायकोचा. तुझा. थोरला साडेबाराचा होता. तुमच्या लग्नात ती जोडी मीच वखारीतून निवडून आणली होती आणि जानेवारीत शुनसाकुचा वाडगा उंबऱ्यावर फोडला तोही मीच. त्या दिवशी तू भान हरपल्यासारखी उभी होतीस, काही लक्षात नसेल, म्हणून सांगते. शवपेटी दारातून निघाली आणि मी तो पायरीच्या दगडावर हाणला. एका दणक्यात तीन तुकडे झाले. भिक्षू म्हणाले, इतका स्वच्छ फुटलेला क्वचित बघतो. वाडगा फुटला की गेलेल्याला कळतं की इथलं आपलं जेवण संपलं, आता रेंगाळायचं नाही. काही घरी हल्ली हे करत नाहीत. पण आपण केलं आणि नीट केलं, याचं मला समाधान आहे.

तुझा टवका उडालेला वाडगा मात्र टाकून दे. ओठ कापेल. शिवाय हासामीची सून फुटक्या वाडग्यात जेवते, हे कुणी ऐकलं तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहायची नाही. नवा पाठवते. पत्ता कळव.

तोकिए

*

कानाझावा
२ जून

ती. वन्संना नमस्कार.

तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं बांधलं. वाडग्याच्या पोटात रुमाल, बाहेरून टॉवेल, मग स्प्रिंगच्या काठीच्या मागे. कानाशी धरून हलवलं. तीन दिवस गाडी चालवली, मागून टिचकीएवढाही आवाज आला नाही.

आणि ते तीन दिवस मला चैन पडेना. काहीतरी विसरून निघालोय असं वाटत राहिलं. गॅस बंद केला का, पाण्याची टाकी भरली का, हे दहा वेळा बघितलं. चौथ्या दिवशी फुकुईजवळ गाडी बाजूला घेतली तेव्हा कळलं. कुरुमेपासून मी त्या खडखडीची सोबत धरून होते. मी वाडग्याचं कापड सोडलं आणि तो कपाटात नुसता ठेवला. तो वाजायला लागल्यावर पुढे निघाले.

वन्सं, तो वाडगा मला टाकता येणार नाही. तो ह्यांचा आहे.

नऊ वर्षांपूर्वी ह्यांची साखर वाढली आणि डॉक्टरांनी भात निम्मा करायला सांगितला. त्या संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा ह्यांनी आपला थोरला वाडगा माझ्यापुढे सरकवला आणि माझा धाकटा उचलला. म्हणाले, "घे, आजपासून या घरात तू नवरा." तेव्हापासून तसंच चाललं. टवकासुद्धा ह्यांच्याच हातचा, धुताना नळाला आपटला होता. नवा आणू म्हटलं तर ऐकेनात. टवक्याची बाजू पलीकडे करून जेवायचे.

त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरातून वाडगा घेऊन आलात. माझ्या हातात ह्यांच्या नावाची पाटी होती, ती खाली ठेवायची नसते. तुमच्या हातात थोरला बघितला आणि मी तोंड उघडेपर्यंत तो फुटला होता. सत्तर माणसं हात जोडून उभी होती. त्यांच्यासमोर काय सांगणार? नंतर तुम्ही इतक्या समाधानानं चहा वाटत होतात, की तेव्हाही धीर झाला नाही. पुढे सांगण्याची वेळ टळून गेली.

रागवा, पण उत्तर लिहा. निइगाताच्या मुख्य पोस्टात.

मिनाए

*

हासामी
११ जून

मिनाए,

पत्र तीनदा वाचलं.

म्हणजे जिवंत बाईचा वाडगा मी उंबऱ्यावर फोडला. तुझं इथलं जेवण संपलं, चालती हो, असं सत्तर माणसांदेखत तुला सांगितलं. आणि तू चालती झालीस. तू का निघालीस हे आता मला कळलं. तुला स्वतःलाही कळलं नसेल.

आणि शुनसाकु? त्याला कुणी 'जा' म्हटलंच नाही. पाच महिने माझा भाऊ तुझ्या कपाटात खडखडतोय, आणि तू म्हणतेस सोबत होते! ऑगस्टच्या तेराला बोनचा सण. गेल्यानंतरचं त्याचं पहिलं बोन. सगळ्यांची गेलेली माणसं त्या दिवशी पाहुणी म्हणून घरी येणार. जो गेलाच नाही तो परत कुठून येणार?

मला नेमका राग कशाचा आलाय, ते दोन दिवस शोधतेय. तू गप्प राहिलीस त्याचा थोडा आहे. पण खरा वेगळाच आहे. दर नव्या वर्षाला तो इथे यायचा आणि माझ्या हातचा भात तीन-तीन वाडगे खायचा. मी वाढायची, "घे रे, वाळलास" म्हणायची, आणि तो घ्यायचा. साखरेचं मला कुणी सांगितलं नाही. नऊ वर्षं! मी मोठी बहीण ना? मी त्याला भात वाढत होते की आणखी काही? मला कळलं असतं तर पहिल्या वाडग्यावर हात आखडला नसता का?

तो वाडगा बोनच्या आधी फोड. दारात उभी राहा, त्याला नावानं हाक मार आणि फोड. दुसरं काही ऐकायचं नाही.

तोकिए

*

हासामी
३० जून

मिनाए,

माझं पत्र निइगाताहून परत आलं. दहा दिवसांत कुणी न्यायला आलं नाही, असा शिक्का आहे त्यावर. निघण्याआधी तू नकाशा दाखवलास तेव्हा निइगाताच्या पुढचा मोठा मुक्काम आकिता म्हणाली होतीस, म्हणून तेच पत्र सोबत घालून तिकडे पाठवतेय. रागात लिहिलंय. पण खोटं त्यात काही नाही, म्हणून बदललं नाही.

जिवंत आहेस ना, तेवढं कळव. घाटातल्या वळणांची मला भीती वाटते.

तोकिए

*

आकिता
१४ जुलै

ती. वन्संना नमस्कार.

जिवंत आहे. निइगाताच्या पोस्टासमोरून मी दोनदा गाडी नेली आणि दोन्ही वेळा उतरले नाही. पत्रात काय असणार ते माहीत होतं.

आधी भाताचं. हे मुद्दामच तुम्हाला सांगत नव्हते. मी सांगू म्हटलं तर मला शपथ घातली. "ताईच्या हातचे तीन वाडगे वर्षातून एकदा. तेवढे तीन दिवस साखर गेली खड्ड्यात. तिला कळलं तर ती मोजून वाढेल, मग तिकडे जायचं कशाला?" असं म्हणायचे. डॉक्टरांनाही ठाऊक होतं, त्यांनीच नव्या वर्षाची सूट दिली होती. आणि हे गेले ते हृदयानं. तेव्हा तुम्ही भातच वाढत होतात, दुसरं काही नाही. हे मी समजूत घालायला लिहीत नाही.

आता वाडग्याचं. तुमचं पत्र मिळायच्या आधीच एक झालं. सागरकाठच्या रस्त्यावर एक लांब बोगदा आहे. आत रस्ता खराब होता, वाडगा जोरात वाजायला लागला. मी मान वळवून म्हणाले, "हो हो, हळू घेते!" पुढे बघते तर मी पलीकडच्या बाजूला गेले होते आणि समोर ट्रकचे दिवे. भोंगा अजून कानात आहे. कशीबशी गाडी आपल्या बाजूला घेतली आणि बोगद्याबाहेर थांबवली. थोडक्यात वाचलो, नाहीतर दोघंही गेलो असतो, असं मनात आलं, आणि मग लक्षात आलं की मी एकटीच गेले असते.

म्हणून फोडायचं ठरवलं. गाडीला उंबरा नाही, दोन पत्र्याच्या पायऱ्या आहेत. तिथे तीन सकाळी उभी राहिले. हाकसुद्धा मारली. थांब्यावरची माणसं बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुत्रं हरवलं का हो?" मला हसूच फुटलं. वाडगा काही फुटला नाही.

माझ्यानं होत नाही, वन्सं. मी त्यांना जा म्हणू शकत नाही. म्हणून वाडगा तुमच्याकडे पाठवतेय. तुमच्या हातून चूक झाली, आता तुम्हीच निस्तरा, असं नाही. माझ्याशिवाय ते ज्यांचे होते अशा तुम्ही एकट्याच उरल्या आहात. पोट आधी, अंग नंतर, तसंच बांधलंय. पोस्टातल्या मुलीनं विचारलं, "नाजूक वस्तू आहे?" मी हो म्हटलं.

कपाट आता गप्प आहे. सवय होईल.

पुढे आओमोरी, मग बोटीनं होक्काइदो.

मिनाए

*

हासामी
२३ जुलै

मिनाएस अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. बांधणी चांगली आहे. एका कोपऱ्यात कागद कमी होता, पण पहिल्या खेपेला इतकं कुणाला जमत नाही.

तुझ्यासाठी वाडगा निवडला. साडेबाराचाच घेतला, नऊ वर्षं तू तेवढ्यात जेवलीस, आता धाकट्यात तुझं पोट भरायचं नाही. तो गाडीत पाठवत नाही. कुरुमेला तुझ्या शेजारणीकडे पाठवलाय, घरात ठेवायला. त्या घरात तुझं जेवण आहे. ते संपलं असं मी म्हटलं होतं, ते मी मागे घेते. होक्काइदो सावकाश बघून ये, पण तेराला दारात दिवा लावायला तू हवीस. मी बारालाच येऊन बसेन.

आता तुझ्या वाडग्याचं, म्हणजे त्याच्या.

काल सकाळी भात लावला. त्या वाडग्यात वाढला, टवका पलीकडे करून त्याच्या जागी ठेवला. एकदाच वाढला. दुसऱ्यांदा घे म्हटलं नाही. थोडा वेळ बसले, मग मीच तो खाल्ला, अन्न टाकवत नाही. खरंच, फार लहान वाडगा आहे. एवढ्याशा भातावर तो नऊ वर्षं राहिला आणि आमच्याकडे आला की हसत हसत पान वाढायला सांगायचा. वाडगा धुतला, पुसला आणि दारात गेले.

पहिल्यांदा फुटला नाही. माझ्या हातानं मारलाच नाही. पायरीवर टेकवल्यासारखा ठेवला आणि तो घरंगळत अंगणात गेला. मी उतरून उचलून आणला, गुडघे कुरकुरले. मग तुला लिहिलं होतं तसं नावानं हाक मारली. शुनसाकु, म्हटलं, ताई बोलतेय. पुरे झालं जेवण, ऊठ आता. आणि हाणला. या वेळी तीन तुकडे नाही झाले. चुरा झाला, अंगणभर गेला.

जानेवारीत वाडगा फोडला तशी मी आत पळाले होते, पाहुण्यांचे कप मोजायला. काल आत पाहुणे नव्हते. तिथेच उंबऱ्यावर बसले. दूधवाला आला, दूध ठेवून गेला. सहा महिने मला डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, आणि मी कणखर आहे म्हणून येत नाही असं मला वाटत होतं. दुपारपर्यंत रडत होते.

मिनाए, गेला गं आपला शुनसाकु.

तोकिए